अण्णांचे सहा लाख: ट्रेडिंग आणि गुंतवणूक एकाच खात्यात मिसळली तेव्हा

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातून अण्णा निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतले सहा लाख रुपये त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये मुलाच्या खात्यावर टाकले. मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे; पगार महिना ३८,०००. सून खासगी शाळेत शिकवते. घर सिडकोत, स्वतःचं. मुलाचं डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, २०२१ पासूनचं होतं आणि "बँकेत सात टक्क्यांवर पैसे कुजवण्यापेक्षा मी बघतो" असं त्याने वडिलांना सांगितलं होतं. वर्षभराने, एप्रिल २०२५ मध्ये, अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी पैसे मागितले. मुलगा म्हणाला, "थोडं थांबा, मार्केट वर येऊ द्या."

त्या आठवड्यात मार्केट खालीच होतं. ७ एप्रिलला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्याने निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, एका दिवसात ३ टक्क्यांहून जास्त पडून २२,१६१ वर बंद झाला होता. पण अण्णांचे पैसे अडकले त्याला हे कारण नव्हतं, हे मुलाला माहीत होतं आणि सुनेलाही संशय होता. तिनेच दोघांना माझ्याकडे आणलं. मी नाशिकमध्ये करसल्लागार म्हणून काम करतो. शेअर बाजाराच्या टिप्स मी देत नाही, पण लोकांच्या खात्यांचे वर्षअखेरचे उतारे माझ्या टेबलावर येतात आणि गेल्या चार-पाच वर्षांत त्यांची संख्या फार वाढली आहे. पुढचं प्रकरण उभं करताना दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत आणि घरच्या रकमा गोल केल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख पटू नये. बाजाराचे आकडे आणि कायद्याच्या गोष्टी मात्र आहेत तशाच आहेत.

मुलाने आल्या आल्या विचारलं, "सर, ट्रेडिंग बंद करून सगळं लाँग टर्मला टाकू का?" प्रश्न प्रामाणिक होता. पण त्याच्या खात्यात दोन वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या मुदतींचे पैसे होते आणि त्या सगळ्यांवर तो एकच उत्तर मागत होता.

खात्यात काय चाललं होतं

आधी पाळ्या समजून घ्या. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. म्हणजे पहिल्या पाळीत बाजाराचा सगळा वेळ कारखान्याच्या आत जातो. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, मध्येच मोबाइल काढून. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो घरी, हातात मोबाइल, समोर अख्खा दिवस. काँट्रॅक्ट नोटा, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या सौद्यांच्या पावत्या, तारखेने लावल्यावर दिसलं की दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत त्याच्या सौद्यांची संख्या दुपटीहून जास्त होती. बाजारात त्या आठवड्यांत संधी जास्त होत्या असं काही नाही. वेळ जास्त होता, एवढंच.

२०२४ च्या पूर्वार्धात आठवड्याच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी असायची, म्हणजे त्याच्या ऑप्शनची मुदत संपायची. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा, ठरावीक मुदतीचा हक्क. सोमवारी मिडकॅप, मंगळवारी फिननिफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स. एक्स्पायरीच्या दिवशी प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, स्वस्त असतो, हजार-दोन हजारांत लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येचा एक गठ्ठा, घेता येतो आणि दहा मिनिटांत तो दुप्पट झालेलाही दिसतो. मुलगा हेच करत होता. टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवरून काय घ्यायचं याच्या टिप्स यायच्या, हा तसं घ्यायचा. चॅनेल चालवणाऱ्याची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी आहे का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

वर्षभरात त्याने ऑप्शनचे सुमारे ७०० सौदे पूर्ण केले. त्यातले ४२० फायद्यात सुटले. शंभरातले साठ! हा आकडा त्याला तोंडपाठ होता आणि तो खराही होता. पण त्या ४२० सौद्यांतून मिळाले ४,२०,००० रुपये, म्हणजे सरासरी एक हजार. उरलेल्या २८० सौद्यांत गेले ५,७४,०००, म्हणजे सरासरी दोन हजारांच्या वर. फायदा दिसला की तो लगेच सोडायचा, तोटा दिसला की "येईल परत" म्हणून धरून ठेवायचा. मी पाहिलेल्या बहुतेक खात्यांत ही सवय आहे. त्यामुळे कोणी मला आपला स्ट्राइक रेट सांगायला लागलं की मी आधी सरासरी फायदा आणि सरासरी तोटा विचारतो.

१,५४,००० चा हा तोटा खर्च धरायच्या आधीचा. खर्च त्याने कधी पाहिलाच नव्हता. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये दलाली, ही रक्कम कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. सौदे ७००, म्हणजे ऑर्डरी १,४००, दलाली २८,०००. त्यावर एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर), एक्स्चेंजचं शुल्क, सेबीचं शुल्क, स्टॅम्प ड्यूटी आणि जीएसटी मिळून आणखी ३०,०००. एकूण ५८,०००. हे त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढे झाले. खात्यातल्या पैशांशी ताडून पाहिलं तर साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर्षभर एकही चूक न करता फक्त शून्यावर राहायलाही त्याला साडेसात टक्के कमवावे लागणार होते. ऑप्शनमधला निव्वळ तोटा २,१२,०००.

यातला एक सौदा वेगळा काढून दाखवण्यासारखा आहे, कारण मुदतीचा अर्थ त्यात जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे कुठे दिसत नाही.

३ आणि ४ जून २०२४

१ जूनला शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त उसळला आणि २३,२६३ वर बंद झाला. मुलाने त्या दिवशी दुपारी २३,३०० चे कॉल, म्हणजे निफ्टी त्या पातळीच्या वर गेला तरच मुदतीअखेर किंमत राहणारे ऑप्शन, घेतले, गुरुवारच्या म्हणजे ६ जूनच्या एक्स्पायरीचे. निकालाच्या आदल्या दिवशी प्रीमियम आधीच फुगलेले होते. ४ जूनला मतमोजणी सुरू झाली आणि बाजार कोसळला. निफ्टी ५.९३ टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला. अण्णांच्या पैशांतले ९६,००० त्या एका दिवसात गेले. दुसरी पाळी होती. तो घरीच होता, आणि सून सांगते की त्या दिवशी तो न जेवता कामावर गेला.

आता पुढचे तीन दिवस पाहा. ५ जूनला निफ्टी २२,६२० वर आला. ६ जूनला, एक्स्पायरीच्या दिवशी, २२,८२१. आणि ७ जूनला, शुक्रवारी, २३,२९०. म्हणजे ३ जूनच्या बंद भावाच्याही वर. बाजार वर जाईल हा त्याचा अंदाज आठवडाभरात खरा ठरला होता. पण त्याने घेतलेल्या कॉलचं आयुष्य गुरुवारी दुपारी साडेतीनला संपणार होतं. ४ तारखेला त्याने ते विकले नसते तरी गुरुवारी त्यांची किंमत शून्यच झाली असती, कारण निफ्टी २३,३०० च्या खाली बंद झाला.

त्याच घरात त्याच वेळी सुनेची निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, महिना ५,००० ची एसआयपी (दरमहा ठरलेला हप्ता) चालू होती, जानेवारी २०२१ पासून. ४ जूनला तिच्याही युनिटची किंमत जवळपास सहा टक्क्यांनी खाली आली होती. शुक्रवारपर्यंत ती भरून निघाली. तिला ते पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी बोलण्यातून कळलं. तिच्याकडे बाजाराचं ज्ञान जास्त होतं म्हणून हे झालं नाही. तिच्या पैशाला मुदतीचं टोक नव्हतं, म्हणून झालं. अंदाज बरोबर असून भागत नाही. ऑप्शनमध्ये तो ठरलेल्या वारापर्यंत, ठरलेल्या वेळेच्या आत बरोबर ठरावा लागतो. ट्रेडिंग आणि गुंतवणूक यांतला हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि यूट्यूबवरच्या शेकडो व्हिडिओंत तो क्वचितच नीट सांगितला जातो.

फसलेला सौदा "गुंतवणूक" कसा होतो

जूनच्या फटक्यानंतर मुलाने स्वतःचे जुने शेअर विकायला काढले. हे शेअर त्याने विचार करून घेतले होते: एक मोठी खासगी बँक, एक औषध कंपनी. खरेदी १,४२,००० ची, विक्री १,८०,००० ची. फायदा ३८,०००, म्हणून विकताना वाईट वाटलं नाही. पण घरातली बरी मालमत्ता विकून त्याने ऑप्शनच्या खात्यात भर घातली. ज्यात फायदा दिसतो ते विकायचं आणि ज्यात तोटा आहे ते जपायचं, ही प्रवृत्ती अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच नोंदवून ठेवली आहे. सिडकोतल्या या खात्यात ती जशीच्या तशी सापडली.

मग नोव्हेंबर आला. २० नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला लावली. नव्या करारांची किमान रक्कम १५ लाखांवर नेली, त्यामुळे निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. त्याचा रोजचा खेळ महाग झाला. इथे थांबायची संधी होती. पण तो शेअरच्या इंट्राडेकडे वळला. सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा. आणि भाव खाली असेल तर? ॲपमध्ये एक बटण असतं, पोझिशन डिलिव्हरीत बदलायचं. सव्वातीनच्या आधी ते दाबलं की तोटा नोंदला जात नाही. शेअर डीमॅटमध्ये येऊन बसतो आणि माणूस स्वतःला सांगतो, हा आता लाँग टर्म.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात असे तीन कंपन्यांचे २,१०,००० चे शेअर त्याच्या खात्यात साठले. तिन्ही लहान कंपन्या. त्यांचा ताळेबंद, कर्ज, धंदा याबद्दल त्याने घेताना एक ओळ वाचली नव्हती, कारण ते घेतले होते दुपारपर्यंत विकण्यासाठी. त्यातला एक पडला तसा त्याने आणखी घेऊन ॲव्हरेज केला, म्हणजे खरेदीची सरासरी किंमत खाली आणली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीच्या उच्चांकापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत निफ्टीच जवळपास १६ टक्के उतरला होता. लहान कंपन्यांची अवस्था त्याहून वाईट होती. एप्रिलमध्ये आम्ही बसलो तेव्हा त्या २,१०,००० ची किंमत १,३८,००० होती.

माझ्या मते या प्रकरणातली खरी गडबड इथे आहे. ट्रेडिंगमध्ये पैसे जातात हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आलंच आहे की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा खर्चासह दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावणारे होते फक्त एक टक्का. हे आकडे मुलालाही माहीत होते. ॲप उघडताना तशा इशाऱ्याची चौकट येते, ती तो रोज बंद करायचा. तरी त्याला आपण त्या ९३ मध्ये आहोत असं वाटत नव्हतं, कारण त्याचा तोटा तीन ठिकाणी विभागलेला होता. काही ऑप्शनमध्ये नोंदलेला, काही इंट्राडेत, आणि उरलेला "होल्डिंग्ज" या पानावर, जिथे तो गुंतवणुकीचे कपडे घालून बसला होता. तिन्ही पानं एकत्र कोणी ठेवलीच नव्हती.

एका कागदावर हिशेब

ते आम्ही त्या दिवशी केलं. सून आकडे लिहीत होती, मी उताऱ्यातून वाचत होतो.

खात्यात आले: अण्णांचे ६,००,००० आणि जुने शेअर विकून १,८०,०००. एकूण ७,८०,०००.
ऑप्शनचा तोटा खर्चासह: २,१२,०००.
इंट्राडेचा तोटा खर्चासह: २४,०००.
अण्णांना दिलेले: ६०,०००.
शिल्लक रोख: २,७४,०००.
तीन शेअर, आजच्या भावाने: १,३८,०००.

म्हणजे ४,१२,०००. मुलाने येताना सांगितलं होतं, "लाखभर गेले असतील." गेले होते ३,०८,०००.

चौथ्या ओळीपाशी अण्णांनी हात वर केला. "हे साठ हजार कसले?" मुलगा दरमहा त्यांच्या हातात ५,००० ठेवत होता, "तुमच्या पैशांचा नफा" म्हणून. अण्णा ते कौतुकाने शेजाऱ्यांना सांगायचे, दहा टक्के मिळतात. नफा कुठेच नव्हता. त्यांच्याच सहा लाखांतून त्यांना दर महिन्याला पाच हजार परत मिळत होते. मुलाला हे ठाऊक होतं की नाही? अर्धवट ठाऊक होतं, असं माझं मत झालं. वाईट महिन्यात पैसे थांबवले तर वडील विचारतील, आणि त्यांनी विचारलं की हिशेब करावा लागेल, म्हणून तो देत राहिला. फसवण्याचा हेतू त्यात नव्हता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं, पुढचं वाचा."

इथे मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ट्रेडिंगऐवजी सगळं लाँग टर्मला टाकलं असतं तर? हा पर्यायही मी मांडून पाहिला, कारण गुंतवणुकीची बाजू घेणारे लोक इथे घाई करतात. मार्च २०२४ च्या शेवटच्या सत्रात निफ्टी २२,३२६ वर होता, मार्च २०२५ च्या शेवटी २३,५१९. वाढ सव्वापाच टक्के, लाभांश धरून साडेसहाच्या आसपास. त्याच सहा लाखांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळाले असते: वर्षाला ४९,२००, दर तिमाहीला १२,३००, पोस्टातून, बिनबोभाट. आणि अण्णांना पैसे लागले ते ७ एप्रिलच्या आठवड्यात, जेव्हा निफ्टी २२,१६१ वर, म्हणजे वर्षापूर्वीच्याही खाली होता. इंडेक्स फंडात ठेवले असते तरी त्या दिवशी काढताना मुद्दलाला थोडी कात्री लागण्याचीच पाळी होती.

तेव्हा अण्णांच्या पैशांसाठी "ट्रेडिंग की गुंतवणूक" हा प्रश्नच चुकीचा होता. निवृत्त माणसाचे, वर्ष-दोन वर्षांत दवाखान्याला लागू शकणारे पैसे शेअर बाजाराचे नव्हेतच, ना इंट्राडेचे ना इंडेक्स फंडाचे. दीर्घ मुदत म्हणजे किती, हे सांगायला जुना दाखला पुरे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८,००० च्या खाली गेला होता, आणि त्या पातळीवर पाय रोवायला त्याला २०१३ ची अखेर उजाडली. मधली पाच-सहा वर्षं ज्याला हात लावायची गरज पडली नाही त्याचं भलं झालं. अण्णांना ती उसंत नव्हती. पैसा कोणाचा आणि कधी लागणार, याचं उत्तर आधी लागतं. कोणता शेअर, कोणता फंड, हे प्रश्न त्यानंतरचे.

सुनेची एसआयपीही मी त्याच कागदावर मांडायला लावली. ५१ हप्ते, २,५५,०००. किंमत सव्वातीन लाखांच्या आसपास. पण सप्टेंबर २०२४ च्या उच्चांकाला ४५ हप्त्यांवर, २,२५,००० वर, ती जवळपास तीन लाख तीस हजार दिसत होती. म्हणजे सहा महिन्यांत आणखी तीस हजार भरूनही रक्कम थोडी घटलेली. ती म्हणाली, "मी बघितलंच नाही सर, शाळेच्या परीक्षा होत्या." तिचं उद्दिष्ट मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण, अजून नऊ वर्षं लांब. तिच्यासाठी ही घट काहीच नव्हती. खर्चही तसाच: तिच्या फंडाचा डायरेक्ट (मध्ये एजंट नसलेला) प्लॅन वर्षाला शेकडा वीस पैशांच्या आसपास घेतो, म्हणजे सव्वातीन लाखांवर साडेसहाशे रुपये. नवऱ्याच्या ५८,००० शेजारी ती संख्या सुनेने दोनदा तपासून लिहिली.

समोरच्या बाजूला कोण

मुलाने एक गोष्ट विचारली ती महत्त्वाची आहे. "मग कमावतं कोण सर? कोणीतरी कमावत असणारच ना." कमावतात. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये खर्च धरण्याआधी प्रोप्रायटरी ट्रेडरांनी (स्वतःच्याच पैशांवर सौदे करणाऱ्या संस्थांनी) सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी एफ अँड ओमधून कमावले, आणि त्यातला बहुतेक नफा अल्गोरिदमने चालणाऱ्या सौद्यांतून आला. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऑप्शन घेणाऱ्या माणसासमोर ही यंत्रणा बसलेली असते. दुसऱ्या बाजूला सेबीने नोंदवलंय की यात उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी पाऊणहून जास्त लोकांचं सांगितलेलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, आणि सलग दोन वर्षं तोटा होऊनही तीन चतुर्थांशाहून जास्त लोक ट्रेडिंग चालूच ठेवतात. शेअरच्या इंट्राडेचंही चित्र असंच: २०२२-२३ मध्ये दहापैकी सात तोट्यात, आणि वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत आठ.

जास्त सौदे म्हणजे कमी परतावा, हे भारतापुरतं नाही. बार्बर आणि ओडियन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी १९९१ ते १९९६ या काळातली एका दलालाकडची ६६,४६५ घरांची खाती तपासली होती. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, तेव्हा बाजाराने १७.९ टक्के दिले होते. आणि तो काळ तेजीचा होता.

माझ्याकडे येणाऱ्यांत ट्रेडिंगवर खरोखर कमावणारेही आहेत, थोडे. ते पूर्ण वेळ हेच करतात, प्रत्येक सौद्याआधी तोटा कुठे तोडायचा ते ठरवतात, वहीत लिहितात, आणि त्या धंद्यातला पैसा घरखर्चापासून वेगळा ठेवतात. मुलाकडे यातलं काही नव्हतं. आठ तासांची नोकरी होती, आणि ती नीट करायचीही होती.

विवरणपत्र

मुलाने आतापर्यंत पगाराचं साधं विवरणपत्र भरलं होतं. ट्रेडिंगमध्ये तोटाच झाला, मग दाखवायचं काय, असा त्याचा समज होता. अंबड-सातपूरमधल्या कित्येक तरुणांचा हाच समज आहे, आणि तो महागात पडतो. एफ अँड ओ हे कायद्याने धंद्याचं उत्पन्न आहे; त्यासाठी आयटीआर-३ हा विवरणपत्राचा फॉर्म भरावा लागतो. हा तोटा पगारातून वळता होत नाही. पण त्याच वर्षीच्या भांडवली नफ्यातून होतो. म्हणून बँक आणि औषध कंपनीच्या शेअरवरचा ३८,००० चा अल्पकालीन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा) नफा २,१२,००० च्या तोट्यात जिरला आणि १,७४,००० पुढे नेता आले, आठ वर्षांपर्यंत. इंट्राडेचे २४,००० सट्ट्याचा तोटा ठरतात. ते फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळते होतात आणि चार वर्षंच पुढे जातात. हे सगळं विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली होती. आम्ही तोवर थांबलो नाही.

डीमॅटमध्ये पडलेल्या शेअरवरचा ७२,००० चा तोटा मात्र विकेपर्यंत कराच्या दृष्टीने तोटाच नाही. ते विकले तरच तो तोटा हिशेबात धरता येतो; विकण्याचा हाही एक फायदा होता.

एक धोकाही मी त्याला सांगितला. पुढे नेलेला धंद्याचा तोटा वापरता येतो तो पुढच्या धंद्याच्या नफ्यातून. म्हणून "तोटा वाया जाऊ नये" या नावाखाली पुन्हा ऑप्शनमध्ये उतरणारे लोक मी पाहिले आहेत. १,७४,००० चा आकडा आठ वर्षं कागदावर पडून राहिला आणि वाया गेला, तरी बिघडत नाही. तो वसूल करायला जाऊ नकोस.

काय ठरलं

अण्णांचे सहा लाख हे कर्ज मानायचं, हे पहिलं. मिळालेले ६०,००० वजा करून ५,४०,०००. रोख २,७४,००० त्याच आठवड्यात अण्णांच्या खात्यावर गेले. तीन शेअरबद्दल मी एकच विचारलं: आज हातात रोख असती तर आजच्या भावाने यातला कोणता घेतला असतास? दोनांबद्दल त्याने लगेच मान हलवली. ते ९४,००० ला विकले आणि अण्णांना दिले. तिसऱ्या कंपनीचे, ४४,००० चे शेअर त्याला ठेवायचे होते. मी हरकत घेतली नाही, पण का ठेवतो ते लिहून मागितलं. कंपनीवर कर्ज किती, विक्री वाढते आहे का, कोणत्या परिस्थितीत विकणार. त्याने दोन दिवसांनी पानभर लिहून आणलं. त्या कागदानंतर तो शेअर निदान गुंतवणूक म्हणून तपासता येईल असा झाला.

राहिले १,७२,०००. वाद झाला तो इथे. मुलगा म्हणाला, पगारातून महिना सहा हजार देतो. त्याला अडीच वर्षं लागली असती. माझं मत होतं की सुनेच्या फंडातून एक लाख काढावेत. ती चिडली. "मी चार वर्षं शिस्तीने भरले, आणि यांच्या चुकीला मीच मोडायचं? तुम्हीच म्हणता ना, एसआयपी मोडू नका." तिचा राग रास्त होता. तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. मुलीच्या शिक्षणाला नऊ वर्षं आहेत, अण्णांचं वय सहासष्टच्या पुढे आहे आणि ऑपरेशन महिन्यावर. ज्याची गरज जवळ, त्याचा पैसा आधी. दीर्घ मुदतीची गुंतवणूक पवित्र असते असं मी मानत नाही. ती माणसांसाठी असते. काढताना करही लागणार नव्हता, कारण वर्षभराहून जुन्या युनिटवरचा नफा सव्वा लाखाच्या सवलतीत सहज बसत होता. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून सांगितलं, "काढते. पण एसआयपी चालू राहील, आणि ते एक लाख हे मला परत देतील, लेखी." तशी दोन ओळींची चिठ्ठी त्यांनी घरी केली.

अण्णांच्या हातात अशा रीतीने ४,६८,००० आले. ऑपरेशन मे महिन्यात झालं. उरलेले पैसे त्यांनी नाशिक रोडच्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत स्वतःच्या नावावर ठेवले. ७२,००० चं देणं मुलगा महिना सहा हजारांनी फेडतो आहे. ते संपलं की बायकोचे हप्ते सुरू होतील.

ट्रेडिंग पूर्ण बंद करण्याची अट मी घातली नाही. तशी अट दोन महिनेही टिकत नाही आणि मग ट्रेडिंग लपून होतं. एफ अँड ओचा विभाग त्याने खात्यावर बंद करून घेतला, हे त्याचं स्वतःचं. शेअरसाठी वेगळं खातं, पगारातून वाचलेले आणि गेले तरी चालतील असे जास्तीत जास्त ३०,०००, त्यात भर नाही. त्या खात्यातला शेअर दुसऱ्या खात्यात न्यायचा नाही, आणि दुपारी तोटा दिसला तर डिलिव्हरीचं बटण दाबायचं नाही, तोटा घ्यायचा. महिन्याच्या एक तारखेला दोन्ही खात्यांचे उतारे आणि खर्चाचा आकडा सून वहीत लिहिते. पहिल्या तीन महिन्यांत त्या ३०,००० चे २६,४०० झाले. ऑगस्टमध्ये त्याने त्या खात्यात एकही सौदा केला नाही. कारखान्यात ऑडिट होतं आणि त्याला दोन्ही पाळ्यांना थांबावं लागलं.